बांधापलीकडची गवतगंजी

वाचकाचं पत्र

बाई, सलाम.

आमचं गाव मार्कंडेय नदीकाठचं. माझे मिस्टर बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत कामाला जातात. रान मामा, म्हणजे माझे सासरे बघतात. मार्चमध्ये ऊस कारखान्याला गेला आणि खोडवा राखायचा म्हणून मामांनी पाला पेटवला. दुपारची वेळ होती. मी जेवण घेऊन गेले होते, त्यांनी काडी ओढताना डोळ्यांनी बघितलं. वारं सुटलं, जाळ बांधावरच्या वाळक्या गवतातून पलीकडं गेला आणि शेजारच्या रानातल्या काकांची गवतगंजी पेटली. तीन ट्रॉली पिंजर जळलं. गंजीच्या बुडाला पाण्याचे पाइप रचून ठेवले होते, तेही वितळले. त्यांच्या दोन म्हशी आणि एक गाय आहे, डेअरीला दूध घालतात.

मामांनी गावात सांगितलं, वाटेनं जाणाऱ्या कुणीतरी बिडी टाकली असेल. काका काही बोलले नाहीत. पोलिसांतही गेले नाहीत. तेव्हापासून ते वैरण विकत आणतात.

आमचं त्यांचं चार वर्षं बोलणं नाही. नांगरताना त्यांनी आमचा बांध कोरला, असं मामांचं म्हणणं. त्यात ते घरात कन्नड बोलणारे, आणि मामांनी तरुणपणी सीमालढ्यात लाठ्या खाल्लेल्या. त्यामुळं विषय निघाला की तो तिकडंच जातो.

माझा मुलगा नववीत आहे. संडे स्कूलमध्ये त्याला बायबलातल्या निर्गम पुस्तकाचा 22वा अध्याय होता. रात्री जेवताना त्यानं विचारलं, "आजोबा, हे आपल्याला पण लागू होतं काय?" मामा ताटावरून उठून गेले. तेव्हापासून त्याच्याशी बोलत नाहीत.

ते नियम मोशेच्या वेळचे. आज ते लागू होतात का? आग वाऱ्यानं गेली तर दोष कुणाचा? ज्यानं आमचा बांध खाल्ला त्याला शेजारी कसं म्हणायचं? आणि मी सून. मी बोलू तरी किती?

– झोप उडालेली एक बहीण

उत्तर

बाळ, तुला 'तू' म्हणते. तुझ्या वयाच्या कितीतरी मुली माझ्या वर्गातून गेल्या आहेत.

तुझ्या मुलानं वाचलेलं वचन आधी नीट बघू. निर्गम 22:6 चा अर्थ असा: आग भडकून काट्यांत शिरली आणि तिनं धान्याच्या सुड्या, उभं पीक किंवा शेत जाळलं, तर ज्यानं ती लावली त्यानं नुकसान भरून द्यायचं. मुद्दाम दुसऱ्याची सुडी पेटवणाऱ्याबद्दल हे वचन बोलत नाही. माणसानं आपल्याच रानात काहीतरी जाळलं आणि आग चालत पुढं गेली, एवढंच त्यात घडलेलं आहे. त्या देशात शेताच्या हद्दीला काटेरी झुडपं असायची, उन्हाळ्यात ती खडखडीत वाळायची. आपल्या बांधावर घाणेरी आणि कुसळी गवत असतं, तसंच. तुमच्या रानात मार्चमध्ये जे झालं, नेमकं तेच त्या वचनात लिहिलेलं आहे. तुझा मुलगा आजोबांना टोचून बोलला नाही. त्यानं वाचलं आणि त्याला आपलं रान दिसलं. नववीतल्या मुलानं शास्त्र असं वाचावं याचा मला फार आनंद झाला, हे त्याला माझ्याकडून सांग.

वाऱ्याचा प्रश्नही मामांनी पहिल्यांदा काढलेला नाही. इ.स. 200 च्या सुमारास यहुदी शास्त्र्यांनी आपल्या तोंडी परंपरेचा संग्रह केला, त्याला मिश्ना म्हणतात. शेजाऱ्याच्या नुकसानीची चार मूळ कारणं त्यांनी तिथं मांडली आहेत: बैल, खड्डा, चरायला घुसलेली जनावरं आणि आग. आगीबद्दल ते म्हणतात की चार हात उंच भिंत, सार्वजनिक रस्ता किंवा नदी ओलांडून आग गेली तर लावणारा सुटतो, कारण एवढ्या लांबचं कुणाला सुचणार? पुढं तालमुदात, म्हणजे मिश्नेवरच्या चर्चांच्या मोठ्या ग्रंथात, वाऱ्यावर वाद झाला. त्यातून निघालं ते असं की वारा नेहमीचा असेल तर आग लावणारा जबाबदार, आणि कधी नव्हे असा वारा आला असेल तर नाही.

आता तूच सांग, मार्चच्या दुपारी आपल्याकडं वारं सुटणं नवीन आहे का? मामांचा जन्म रानात गेला. पाला पेटवायचा तर पहाटे, दव असताना पेटवावा, कडेच्या दोन सऱ्या आधी मोकळ्या कराव्यात, फवारणीचा पंप पाण्यानं भरून हाताशी ठेवावा, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. मधे भिंत नव्हती, रस्ता नव्हता, नदी नव्हती. होता तो वाळक्या गवताचा एक बांध. म्हणून दोष वाऱ्यावर टाकता येत नाही. पण हेही लक्षात घे, की त्या वचनात मामांना कुणी पापी म्हटलेलं नाही. त्यांना शिक्षा सांगितलेली नाही, दंड सांगितलेला नाही. जळलं तेवढं भरून दे, इतकंच सांगितलं आहे. चूक मोजून मिटवता येते, ही या नियमाची मोठी दया आहे. मामांना ती अजून दिसलेली नाही.

किती भरून द्यायचं? पिंजर किती होतं ते तू लिहिलंस. त्याच्या आधीचं वचन, निर्गम 22:5, चरून गेलेल्या शेताबद्दल आहे आणि तिथं अट आहे की भरपाई आपल्या शेतातल्या उत्तमातून द्यावी. म्हणजे भिजलेलं, काळं पडलेलं पिंजर देऊन हात झाडायचे नाहीत. सुगीतलं, खणखणीत वाळलेलं, म्हैस तोंड लावेल असं द्यायचं. आणि पैसे देणार असाल तर मार्चचा दर धरू नका. पावसाळ्याच्या तोंडावर वैरणीचा दर चढतो, आणि काकांना ती आत्ताच घ्यावी लागतेय. दोन महिने त्यांनी विकत आणलेली वैरणही त्याच हिशेबात येते.

पाइपांबद्दल तू प्रश्न विचारला नाहीस, पण मामा विचारतील. गंजीत पाइप ठेवायला कुणी सांगितलं होतं, असं म्हणतील. मिश्नेत यावरही दोन मतं आहेत. सुडीत भांडीकुंडी लपवून ठेवली होती आणि ती जळली, तर काय? रब्बी यहूदा म्हणतात, आत जे होतं त्या सगळ्याची भरपाई द्यावी. बाकीचे शास्त्री म्हणतात, सुडीपुरतीच द्यावी. मात्र घर जळालं तर आतल्या प्रत्येक वस्तूची द्यावी, यावर सगळ्यांचं एकमत आहे, कारण घरात वस्तू ठेवणं ही माणसांची रीतच आहे. मग आपल्या शिवारात गंजीच्या बुडाला पाइप, जू, ताडपत्री ठेवायची रीत आहे की नाही? तुमच्याच गंजीखाली काय काय असतं ते आठव. माझ्या मते पाइप द्यावेत.

आता ज्या गोष्टीनं तुझी झोप उडाली आहे तिच्याकडं येते. तुला गंजीपेक्षा ती बिडी जास्त छळते आहे.

लेवीय पुस्तकाच्या 6व्या अध्यायाच्या सुरुवातीला आणि गणनाच्या 5व्या अध्यायात एक वेगळा नियम आहे. शेजाऱ्याची वस्तू दाबली, सापडलेली नाकारली, त्याच्याशी लबाडी करून खोटी शपथ वाहिली, तर दोष लक्षात आल्यावर माणसानं कबूल करावं, पूर्ण परत द्यावं आणि वर पाचवा हिस्सा घालावा. आगीच्या नियमात हा पाचवा हिस्सा नाही. तो नाकारण्याबरोबर येतो. आग लागली तेव्हा मामांवर तीन ट्रॉलींचं देणं होतं. बिडीची गोष्ट सांगितली आणि देण्यात भर पडली. मामांनी शपथ घेतली नसेल, पण त्या गोष्टीमुळं गावात वाटेनं जाणाऱ्या कुणा ना कुणाकडं बोट गेलंच. तीन ट्रॉलीचा पाचवा हिस्सा म्हणजे अर्ध्या ट्रॉलीहून थोडं जास्त. मोजत बसू नका, चार ट्रॉली घाला.

लेवीयातला क्रमही बघ. आधी मालकाला परत द्यायचं, मग देवापुढं अर्पण न्यायचं. येशूनं डोंगरावरच्या प्रवचनात तेच सांगितलं (मत्तय 5:23-24): वेदीशी दान आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर दान तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. आपल्या मनात भावाविरुद्ध काय आहे ते बघ, असं तो म्हणत नाही. भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काय आहे ते बघायला सांगतो. तुम्ही दर रविवारी चर्चला जात असाल. काका तर वाटेतच भेटत असतील.

काकांच्या गप्प बसण्याबद्दल मला बोलायचं आहे, कारण तसं गप्प बसणं मी सोसलं आहे. आमच्या घराचं वरचं काम पैशाअभावी दोन वर्षं अडलं होतं, गच्चीला कठडा नव्हता. उन्हाळ्यात सांडगे, कुरडया घालायला गल्लीतल्या बायका वर यायच्या, सोबत त्यांची मुलं. एका दुपारी शेजारचा पाच वर्षांचा मुलगा पतंगाकडं बघत मागं मागं सरकला आणि खाली पडला. खाली वाळूचा ढीग होता म्हणून हातावर निभावलं. त्याची आई मला एक शब्द बोलली नाही. मी त्या वर्षीसुद्धा संडे स्कूलमध्ये बायबलातल्या अनुवाद पुस्तकातलं 22:8 शिकवलं होतं: नवं घर बांधशील तर गच्चीला कठडा कर, नाहीतर कुणी पडून मेला तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. त्या देशातही गच्चीवर लोक वाळवण घालत, झोपत, पाहुण्यांशी बोलत बसत. शिकवताना माझ्या डोळ्यांपुढं यरुशलेमच्या गच्च्या होत्या, माझी नव्हती. दवाखान्याचा खर्च आम्ही दिला, पण महिनाभर उशिरा. ती मागेल, मग देऊ, असं आमच्या मनात होतं. ती मागणार नव्हती. त्या महिन्यात तिनं मंगळसूत्रातले दोन मणी मोडले, हे मला फार नंतर कळलं.

काका गप्प आहेत म्हणजे त्यांना माहीत नाही असं समजू नका. पाला कुणाच्या रानात जळाला ते राखेवरून लहान पोरालाही कळतं. ते वाट बघत आहेत.

आता तुझा सगळ्यात अवघड प्रश्न: ज्यानं बांध खाल्ला तो शेजारी कसा?

शेजारी हा शब्द ऐकला की आपल्या मनात सणाला ताट पाठवणारी माणसं येतात. नियमशास्त्रात तो शब्द आधी हद्दीचा आहे. ज्याचं रान आपल्या रानाला लागून आहे, ज्याचा बैल आपल्या वाटेनं भरकटतो, ज्याच्या गोठ्याकडं आपला धूर जातो, तो शेजारी. बोलणं असो नसो. अनुवाद 22 मध्ये भावाचा भरकटलेला बैल परत नेऊन दे असं आहे, आणि निर्गम 23:4-5 मध्ये तोच नियम आहे पण तिथं बैल शत्रूचा आहे. तुझा द्वेष करणाऱ्याचं गाढव ओझ्याखाली पडलेलं दिसलं तर त्याला तसंच सोडून जाऊ नको, त्याच्याबरोबर राहून सोडव. तालमुदात तर असंही आहे की एकीकडं मित्राच्या जनावराचं ओझं उतरवायचं आहे आणि दुसरीकडं शत्रूच्या जनावरावर चढवायचं आहे, तर आधी शत्रूकडं जा. खरं तर ओझं उतरवणं जास्त निकडीचं, जनावर तळमळत असतं. तरी शत्रू आधी, कशासाठी? तर आपल्या मनाला वळण लागावं म्हणून.

बांधाचं दुःख खोटं आहे असं मी म्हणत नाही. अनुवाद 19:14 शेजाऱ्याची हद्दीची खूण सरकवायला मना करतो, आणि 27:17 मध्ये खूण सरकवणाऱ्याला शाप आहे, त्यावर सगळ्या लोकांनी आमेन म्हणायचं. काकांनी खरंच बांध कोरला असेल तर तो मोठा अन्याय आहे. पण त्याचा रस्ता वेगळा आहे. पहाणी उतारा काढा, तालुक्याच्या सर्वे खात्याकडं हद्द मोजून मिळण्यासाठी अर्ज करा, मोजणीदिवशी दोन्ही घरची माणसं उभी राहू द्यात. दगड सरकला असेल तर परत बसेल, नसेल तर तुमचा संशय जाईल. गवतगंजीचा हिशेब आणि बांधाचा हिशेब एका कागदावर लिहू नका. तुम्ही बांध खाल्ला म्हणून आम्ही पिंजर देणार नाही, असं झालं तर दोन्ही नुकसानी तशाच राहतील आणि तुझ्या मुलाच्या मुलापर्यंत जातील. आपल्या भागात अशी वैरं मी पाहिली आहेत, ज्यांचं मूळ आता कुणालाच सांगता येत नाही.

भाषेबद्दल जपून लिहिते. मामांनी खाल्लेल्या लाठ्यांचा मला आदर आहे. 1956 पासून ही जखम आपण बाळगतो आहोत, आणि 1 नोव्हेंबरला आमच्या घराचं दारही बंद असायचं. पण काकांच्या म्हशींचा त्याच्याशी काही संबंध नाही. येशूला एका शास्त्र्यानं विचारलं, "माझा शेजारी कोण?" (लूक 10). तेव्हा त्यानं यरुशलेमहून यरीहोला उतरणाऱ्या, लुटलेल्या माणसाची गोष्ट सांगितली. याजक बाजूनं निघून गेला, मंदिराची सेवा करणारा लेवी निघून गेला, शोमरोनी थांबला. यहुदी आणि शोमरोनी यांचा झगडा कशावरून होता आठव. उपासना कुठल्या डोंगरावर करायची यावरून, म्हणजे जागेवरूनच. पिढ्यान् पिढ्या त्यांचा एकमेकांशी व्यवहार नव्हता. त्या झगड्यात कोण खरं, हे येशू गोष्टीत सांगत बसत नाही. शोमरोन्यानं जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, खानावळवाल्याला दोन दीनार दिले आणि जास्त खर्च झाला तर परत येताना देईन म्हणाला. जे नुकसान त्यानं केलं नव्हतं ते त्यानं भरलं. तुमच्यापुढं तर तुमच्याच काडीनं झालेलं नुकसान आहे.

हे आज लागू होतं का, असं तू विचारलंस. मोशेचा कायदा आज चर्च चालवत नाही, आपल्याकडचं कुठलं न्यायालयही चालवत नाही. पण तो संपलाही नाही. 1928 मध्ये स्कॉटलंडमधल्या पेस्ली गावात एका बाईनं जिंजर बिअर प्यायली आणि बाटलीतून कुजलेली गोगलगाय निघाली, असं तिचं म्हणणं होतं. बाटली तिच्या मैत्रिणीनं विकत घेतली होती, म्हणून बनवणाऱ्याशी तिचा कसलाच करार नव्हता. 1932 मध्ये निकाल देताना ब्रिटिश न्यायाधीश लॉर्ड ॲटकिन यांनी शास्त्र्याचाच प्रश्न घेतला: कायद्यात माझा शेजारी कोण? उत्तर दिलं, की माझ्या वागण्याची झळ ज्याला इतकी जवळून बसणार आहे की ते करताना त्याचा विचार माझ्या डोक्यात असायलाच हवा, तो. शेजाऱ्यावर प्रीती कर, हे कायद्यात आल्यावर शेजाऱ्याला इजा करू नको असं होतं, असंही त्यांनी म्हटलं. निष्काळजीपणाच्या दाव्यांत आपल्याकडची न्यायालयंही हेच तत्त्व धरतात. कर्नाटकानं तर अपघातात मदत करणाऱ्याला पोलीस आणि कोर्टाच्या त्रासापासून वाचवणारा कायदा 2016 मध्ये केला, आणि तो शोमरोन्याच्याच नावानं ओळखला जातो.

त्या चार कारणांतला खड्डा घे. हिब्रूत खड्ड्याला 'बोर' म्हणतात, कानाला आपल्या बोअरसारखंच लागतं. निर्गम 21:33-34 सांगतं, कुणी खड्डा खणून उघडा ठेवला आणि त्यात बैल किंवा गाढव पडलं, तर खड्ड्याच्या मालकानं पैसे भरावेत. एप्रिल 2017 मध्ये आपल्याच जिल्ह्यात, अथणी तालुक्यातल्या झुंजरवाडला सहा वर्षांची मुलगी उघड्या पडीक बोअरमध्ये पडली. दोन दिवसांहून जास्त वेळ शेजारून खणत राहिले. मुलगी वाचली नाही. पाणी न लागलेलं बोअर बुजवावं, तोंड पक्कं बंद करावं, हे सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्येच सांगितलं होतं. मोशेला तर फक्त बैल आणि गाढव सुचलं होतं. तुमच्या रानात कोरडं बोअर असेल तर हे पत्र वाचून झाल्यावर त्याचं तोंड बघून ये. आणि रानडुकरांसाठी कुणी कुंपणात वीज सोडत असेल तर त्यालाही सांग, तोही उघडा खड्डाच आहे, रात्री न दिसणारा.

आता तू काय करावंस ते सांगते.

तू साक्षीदार आहेस. लेवीय 5:1 म्हणतं, ज्यानं पाहिलं आहे आणि सांगायची वेळ आली असता जो सांगत नाही, त्याच्यावर दोष येतो. झोप उडायचं कारण तेच आहे. पण साक्ष देणं म्हणजे चावडीत जाऊन सासऱ्यांचं नाव घेणं नव्हे. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर हे लेवीय 19:18 सगळ्यांना पाठ असतं, त्याच्या आधीचं 17वं वचन फारसं कुणी म्हणत नाही. आपल्या माणसाचा मनातल्या मनात द्वेष करू नको, त्याला समोर बोल, नाहीतर त्याच्या पापाचा वाटा तुझ्याकडं येईल, असं ते आहे. समोर बोलण्याला शास्त्रानं प्रीतीच्या अगदी शेजारी बसवलं आहे.

आधी मिस्टरांशी बोल. ते फौंड्रीत असतात, त्यांनी काही पाहिलेलं नाही, आणि बापाविरुद्ध ऐकणं त्यांना जड जाईल. तू पाहिलं ते सांग, मामा खोटारडे आहेत असं म्हणू नको. मग दोघं मिळून मामांपाशी बसा, मुलगा नसताना. सकाळी चहाच्या वेळी बसा, रात्री नको. "मामा, मी तेव्हा तिथं होते. तुमच्या मनातही हे आहे, हे मला दिसतं. आपण पिंजर देऊन टाकू," एवढं पुरे. ते ओरडतील. ओरडू देत. ताटावरून उठलेल्या माणसाला लाज वाटलेली असते, आणि ज्याला लाज वाटते तो परत येतो. त्यांना जक्कयाची गोष्ट आठवून द्यावीशी वाटली तर दे. ज्या दिवशी तो जकातदार चौपट परत देतो म्हणाला, त्या दिवशी येशू त्याच्या घरी पाहुणा होता.

पोलीस केस होईल अशी त्यांना भीती असेल. आग निष्काळजीपणे हाताळणं गुन्ह्यात येतं हे खरं, म्हणून ती भीती खोटी नाही. ओळखीच्या वकिलाला एकदा विचारून घ्या. दोन्हीकडचा एकेक जाणता माणूस बसवून, काय दिलं काय घेतलं ते मराठी आणि कन्नड दोन्हीत लिहून सह्या करा.

आणि मामा कधीच तयार झाले नाहीत तर? तर तू आणि तुझे मिस्टर आपल्या पगारातून द्या. ते मामांच्या मागून किंवा मामांना खाली बघायला लावायला नको, त्यांना सांगून द्या. बिडीची गोष्ट तुझ्या तोंडून कुठंही जाऊ देऊ नको. कुणी सरळ विचारलं तर खोटं सांगू नको. याहून जास्त तुझ्याकडून मी मागत नाही, आणि देवही मागत असेल असं मला वाटत नाही.

मुलाला सांग की त्याचा प्रश्न बरोबर होता. आजोबांचा अबोला त्याच्यामुळं नाही, हे त्याला तुझ्याच तोंडून कळू दे.

आणि एक. निर्गम 23:5 मध्ये "त्याच्याबरोबर" हा शब्द आहे, त्यावर शास्त्र्यांनी फार विचार केला आहे. ओझ्याचा मालक बाजूला बसून राहिला तर मदत करणाऱ्यावर बंधन नाही, दोघांनी मिळून उचलायचं आहे. मृग लागायच्या आत पिंजर पोचलं पाहिजे, पण ट्रॉली ओतून येऊ नका. गंजी रचणं कुणालाही जमत नाही. बूड कसं धरायचं, पाणी आत जाऊ नये म्हणून माथा कसा उतरता घ्यायचा, हे मामांना येतं. काका खालून पेंढ्या देतील, मामा वर उभे राहून रचतील. बोलणं झालं नाही तरी चालेल. तेवढ्यात ट्रॉली गोठ्याच्या बाजूनं आत वळते की बांध उतरून न्यावी लागते, ते त्यांच्या घरातल्या अव्वांना आधी विचारून घे.